धुतलेल्या गाडीचा निरोप

बिरसीच्या रामलाल रहांगडालेला पाहून बायामाणसं धसकत. तसा माणूस म्हणजे गरीब गाय. कोणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही. आवाज चढलाच तर बैलांवर, तोही चिखलणीच्या दिवसांत. पण तो एखाद्या गावाच्या शिवेवर दिसला की सूप पाखडणारा हात थांबे, डोक्यावर घेतलेला हंडा परत खाली ठेवला जाई आणि चार घरांतून एकच प्रश्न निघे, "कोनाच्या घरी चालला रे देवा?" दोष रामलालचा नव्हता. दोष त्याच्या लाल मोटारसायकलचा होता.

गाडी त्याने नव्याण्णव साली घेतली, हलका, लवकर येणारा धान निघाल्यावर. गावात तेव्हा मोटारसायकली बोटांवर मोजाव्या इतक्या. टेलिफोन एकच, आणि तोही बहुतेक वेळ मुका. अशा दिवसांत गावात कोणी गेलं की रडण्याच्या आधी निरोपाची चिंता पडे. लेकीबहिणी चहूकडे दिलेल्या. कोणी नागऱ्याला, कोणी आमगावकडे, कोणी पार तिरोड्याच्या पलीकडे. त्या येऊन तोंड पाहत नाहीत तोवर मयत उचलायची नाही, असा रिवाज. निरोप न्यायचा तो सायकलवाल्याने, आणि सायकलवाल्याचा भरवसा नाही. वाटेत ओळखीचं घर लागलं की तो पाणी प्यायला थांबणार, आणि पाण्याबरोबर जेवूनही घेणार.

रामलालची आई गेली तेव्हा असंच झालं होतं. त्याची मोठी बहीण शामकलाबाई बोदलकस्याजवळच्या एका खेड्यात दिलेली. तिच्याकडे निघालेल्या सायकलवाल्याची चेन रानात तुटली. ऊन रणरणत होतं, म्हाताऱ्या माणसांनी घाई केली, आणि शामकलाबाई पोचली तेव्हा आईची चिता पेटून अर्धी झाली होती. ती भावाला एक शब्दही बोलली नाही. तेच रामलालला लागलं. शिव्या दिल्या असत्या तर तो चार दिवसांत विसरला असता. पुढे गाडी आली, आणि महिन्याभरात शेजारच्या घरातून हाक आली, "रामलाल, बुढी गेली, दोन पोरींना सांगाचं हाये." तो ताटावरून उठून गेला. त्यानंतर कोणाला नाही म्हणणं त्याला जमलंच नाही. गावाचं काय, बोट दिलं की ते हात धरणारच.

निरोप द्यायचीही एक रीत असते. तोंडावर 'गेला' म्हणायचं नाही. "तब्येत सीरियस हाये, चला," एवढंच म्हणायचं. ऐकणाऱ्याने काय समजायचं ते समजावं. रामलाल बोलण्यात कच्चा. सुरुवातीला तो हे एवढंसं वाक्य वाटभर घोकत जाई. मग त्याच्या लक्षात आलं की घोकायची गरजच राहिली नाही. लाल गाडी धुळीने माखलेली, घाईत आलेली दिसली की बाया आपणच पदर तोंडाला लावतात. तो गाडी स्टँडवर लावून मान खाली घालून उभा राही. काम झालेलं असे.

आता मयतीहून आलेल्या माणसाने आंग धुतल्याशिवाय घरात पाय ठेवायचा नाही, हे सगळ्यांनाच ठाऊक. आंग धुणं म्हणजे आंघोळ. पण रामलालच्या बायकोने, मुन्नीबाईने, हा नियम गाडीलाही लावला. गाडी काय आभाळातून आली? तीही मयतीच्याच घरून आली. मग तिचंही आंग धुवायला हवं. ती फाटकात पाण्याची बादली घेऊन उभी राही. रामलाल उतरतो न उतरतो तोच अख्खी बादली गाडीवर. तापलेल्या इंजिनावर पाणी पडलं की चर्र आवाज होई, वाफेचा लोट उठे, आणि मुन्नीबाईला वाटे की जे काय मागे लागून आलं होतं ते निघून गेलं.

निघून गेला तो सायलेन्सरचा रंग. मग गाडी खोकायला लागली, आणि एके दिवशी मयतीहून येऊन आंग धुतलं आणि ती पुन्हा सुरूच होईना. कामठ्याच्या रस्त्यावरचा मुन्नालाल मिस्त्री येऊन उकिडवा बसला. त्याने प्लग काढला, पाणी झटकलं, आणि गाडीकडे न बघता मुन्नीबाईकडे बघितलं.

"भाभी, चुलीवर मातीची कढई तापून लाल झाली. तुमी वरून गंजभर थंडं पानी ओतलं. तं का होईल?"

"तडकन फुटल," मुन्नीबाई म्हणाली.

"तं मंग इंजनवर कायले ओतता?"

मुन्नीबाईने हातातली बादली खाली ठेवली. पण धर्म तो धर्म. न धुता गाडी आत येणार नाही, आणि तापलेली गाडी धुवायची नाही. तेव्हा मधला मार्ग असा निघाला की फाटकाबाहेरच्या चिंचेखाली गाडीने थंड व्हावं. आणि गाडीबरोबर रामलालनेही. कारण तोही मयतीचाच. मुन्नीबाई दुरून त्याच्या ओंजळीत पाणी ओतून जाई, तेवढंच. तळहात इंजिनाला टेकवून पाहायचा. सोसला की मगच बादली.

ही चिंचेखालची बैठक पुढे गावाच्या वळणी पडली. रिकामी माणसं येऊन टेकत. कशी रडली, जावई आला का, भावाभावांत बोलणं झालं का, असली चौकशी चाले. मेलेल्यापेक्षा जिवंतांत गावाला रस जास्त. रामलाल हूं हूं करी. लोक उठून गेले की त्याला रडू येई. मेलेला माणूस त्याच्या ओळखीचाही नसे पुष्कळदा. पण आपण दारात उभं राहिल्यावर ज्या बाईचा चेहरा पडला, तो चेहरा इंजिनाबरोबर लवकर थंड होत नसे. मग तो डोळे पुसून गाडी धुवायला घेई आणि बरं वाटे.

धुण्याचं काम त्याने बायकोच्या हातून काढून घेतलं, त्यालाही कारण झालं. आमच्याकडे राइस मिलांची राख पाहिजे तेवढी. धानाच्या कोंड्याची ती काळी राख, आणि बायांचा तिच्यावर देवाइतका विश्वास. एका संक्रांतीला मुन्नीबाईने भांड्यांबरोबर गाडीची टाकीही घ्यायची ठरवली. नारळाची शेंडी, मूठभर राख, आणि दोन्ही हातांचा जोर. पितळेची घागर असती तर सोन्यासारखी निघाली असती. टाकी होती, रंगच निघाला. लाल टाकीवर एका बाजूला सारवल्यासारखा पांढुरका डाग कायमचा राहिला. मुन्नीबाई पुढेही म्हणत राहिली की रंगच हलका होता.

दोन हजार तीनचा उन्हाळा. रामलालची मुलगी दुर्गेश्वरी दहावी झाली, तीही पहिल्या श्रेणीत. निकाल कळला तेव्हा रामलाल गोंदियात होता. आनंदाच्या भरात त्याने पेढे घेतले आणि घरी न जाता तसाच बहिणीकडे निघाला. आजवर बाईला, म्हणजे बहिणीला, आपण दिलं ते दुःखच, एकदा गोड बातमी घेऊन जाऊ, असं त्याच्या मनात. उन्हाचा, धुळीने भरलेला, घाईत.

शामकलाबाई ओट्यावर तांदूळ निवडत बसली होती. लाल गाडी गल्लीच्या तोंडाशी दिसली मात्र, सूप एकीकडे आणि तांदूळ एकीकडे.

"बाबूजी गेले वो माय!"

दोघांचे म्हातारे वडील, बाबूजी, त्या वेळी बिरसीला आंब्याचं पन्हं पीत बसले होते. पण शामकलाबाईला सांगतो कोण? तिचा गळा मोठा. शेजारणी धावल्या, त्यांनीही सूर धरला. रामलाल ओरडत होता, "पास झाली! पास झाली!" त्या आकांतात एका बाईने ऐकलं, "खलास झाली," आणि ती आणखी जोरात रडू लागली. शेवटी भाटवे केशोराव, शामकलाबाईचे यजमान, मागच्या वाडीतून कुदळ टाकून आले. त्यांनी रामलालच्या हातातली पुडी पाहिली, नाकाशी नेली आणि शांतपणे म्हणाले, "मयतीत पेढे कोन आनते वो? चूप राहा साऱ्या." केशोराव कमी बोलत, पण बोलले की मापात.

मग शामकलाबाई हसली आणि रडली, दोन्ही एकदम. भावाच्या पाठीत दोन धपाटे घातले, पेढा खाल्ला, पुन्हा रडली. आणि रामलाल निघाला तेव्हा गाडीच्या हँडलला धरून म्हणाली,

"आता आयक रामू. खुशीची गोष्ट सांगाले येशील तं गाडी धुवून येजो. चकचक दिसली पाहिजे. मले दुरूनच समजलं पाहिजे. नाई तं एखाद्या दिवशी तू पेढे घेऊन येशील, अन् मी धसक्यानंच मरीन."

हा नियम रामलालने वेदवाक्य धरला. मयतीचा निरोप असेल तर आहे तशी गाडी काढायची. तिथे धुवायला वेळ कुठला? बाकी कुठेही जायचं, साखरपुडा असो, बारसं असो, नुसती भेट असो, गाडी धुवूनच. दोनेक वर्षांत ही खूण पंचक्रोशीत पसरली. गाडी चमकत आली की बाया हसून विचारत, "काय आनलं, रामलालभाऊ?" लोकांचा धसका अर्धा तरी कमी झाला, आणि रामलालच्या मनावरचाही.

त्यामुळे त्याचं गाडी धुणं पाहण्यासारखं झालं. ऊन तापायच्या आत, चिंचेच्या सावलीत, गाडी थंड असतानाच. सायलेन्सरच्या तोंडावर प्लास्टिकची पन्नी, तीवर सायकलच्या ट्यूबचं रबर. किल्लीच्या भोकावर चिकटपट्टी. आधी नुसतं पाणी, वरून हळू सोडलेलं, म्हणजे चिखल भिजून आपणच सुटतो. वाळला चिखल घासला की राखेचीच गत. मग बादलीत शांपूची एक पुडी. कपडे धुवायची पावडर गाडीला लावायची नाही, ती रंग खाते. चाकाच्या मधल्या भागावर आणि प्लगवर पाण्याची धार मारायची नाही. चेनीला मातीचं तेल, म्हणजे रॉकेल, आणि जुना ब्रश, पण इंजिन बंद आणि चाक हाताने फिरवून. गावात एकाने गाडी स्टँडवर चालू ठेवून फडक्याने चेन पुसली होती. फडकं ओढलं गेलं आणि त्याबरोबर बोटाचं पेर. शेवटी मुन्नीबाईच्या जुन्या मऊ लुगड्याने पुसायची. आणि पुसून झाली की लगेच रस्त्याला लागायचं नाही. ब्रेक ओले असतात, धरत नाहीत. गल्लीतल्या गल्लीत हळूहळू चालवत, ब्रेक दाबत दाबत ते वाळवायचे. लोक हसत. म्हणत, "रामलाल गाडीले फिराले नेऊन राह्यला." रामलालही हसे, पण फेऱ्या पुऱ्या करी.

पुढे मोबाइल आले. आधी सरपंचाकडे, मग दुकानदाराकडे, मग गुराख्याच्याही खिशात. मयतीचा निरोप आता गाडीच्या आधी पोचू लागला, आणि हळूहळू रामलालला हाक येणं बंद झालं. त्याला सुटल्यासारखं वाटलं. आणि थोडं वाईटही वाटलं, हे त्याने कोणाला सांगितलं नाही. फोनवर 'सीरियस हाये' म्हणून मोकळं व्हायचं, समोर उभं राहायला कोणी नाही. हे काही खरं नव्हे, असं त्याचं मत होतं. पण त्याचं मत विचारतो कोण? चिंचेखालची बैठकही मोडली. गाडी मात्र तो धूतच राहिला.

दोन हजार दहाच्या उन्हाळ्यात शामकलाबाईच्या मुलाचं, लोकेंद्राचं, लग्न जुळवायचं चाललं होतं. लोकेंद्र गोंदियाला पंपाच्या जळलेल्या मोटारी पुन्हा बांधून द्यायच्या दुकानात कामाला, निर्व्यसनी, हाताचा हुशार. पण नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं. एक मुलगी शेती पाहून नाही म्हणाली, एकीचा बाप नोकरी पाहून, आणि एका ठिकाणी तर पत्रिकेनेच दावा साधला. लोकेंद्र तिशीला आला, आणि शामकलाबाईची झोप उडाली. शेवटी रामलालने नागऱ्याजवळच्या गोवर्धन तुरकरांची ओमेश्वरी सुचवली. पाहणं झालं. मुलगी पसंत पडली. गोवर्धनजी म्हणाले, "घरात विचारून कळवतो," आणि रामलालमार्फत कळवायचं ठरलं.

वाट पाहून शामकलाबाईचा जीव टांगणीला लागला. रोज भावाला फोन.

"कळलं का रे?"

"नाई अजून, बाई."

एके दिवशी ती म्हणाली, "आयक. पोरीकडून नाई आलं तं फोन कर, मी आयकून घेईन. मले आता सवय झाली. पन हो आलं तं फोन नोको करू. गाडी धुवून ये. मले ओट्यावरून पाहाचं हाये."

चैताच्या एका सकाळी गोवर्धनजींचा फोन आला. हो म्हणाले. ओमेश्वरीनेच आधी हो म्हटलं होतं, हेही हसत हसत सांगितलं. रामलालने मुन्नीबाईला सांगितलं, लोकेंद्रालाही न कळवता गाडी चिंचेखाली घेतली आणि जन्मात धुतली नसेल अशी धुतली. वर आभाळात बिरसीच्या विमानतळावरची शिकाऊ विमानं गोल गोल फिरत होती. चाकाची एकेक तार त्याने पुसली. टाकीवरचा तो पांढुरका डाग सोडला तर गाडी शोरूमातून आल्यासारखी दिसत होती. नवा शर्ट घालून तो गल्लीत ब्रेक वाळवत होता, तेव्हा खिशातला फोन वाजला.

लोकेंद्र होता.

"मामा," तो म्हणाला. मग कोणीतरी शेजारून धीर दिल्यासारखं झालं. "मामा, बाबूजी गेले."

लोकेंद्राचे बाबूजी म्हणजे केशोराव. ते पंपाची मोटार घेऊन सकाळच्या गाडीने गोंदियाला आले होते, मुलाच्या दुकानात. बाकावर बसले, पाणी मागितलं, आणि पाणी येईपर्यंत कलंडले. दवाखान्यात नेलं, पण नेण्यासारखं काही राहिलं नव्हतं.

"आईले फोनवर नोको सांगू, मामा. ती एकटी हाये घरी. तू जा. आमी बाबूजीले घेऊन येऊन राह्यलो."

रामलालने फाटकातूनच मुन्नीबाईला सांगितलं. तो आत गेला नाही, पाणी प्यायला नाही. त्याच्या डोक्यात एकच गोष्ट होती. भाटव्यांना घेऊन येणारी गाडी बाईच्या दारात आपल्या आधी पोचता कामा नये. कित्येक वर्षं त्याने परक्या बायांच्या दारात उभं राहायचं काम केलं होतं. आज ते आपल्या माणसाच्या दारात करायचं होतं.

तिरोड्याला रेल्वेचं फाटक पडलेलं होतं. तो इंजिन बंद करून उभा राहिला. शेजारच्या सायकलवरचा ओळखीचा माणूस गाडीकडे पाहून खुशीत म्हणाला, "वा रामलालभाऊ! आज गाडी चकाचक. चांगली खबर दिसते!"

रामलालने खाली पाहिलं. टाकीत त्याला आपलाच नवा शर्ट दिसला.

तोवर त्याला सुचलंच नव्हतं. आता सगळं एकदम दिसलं. बाई ओट्यावर बसली असेल, आठवडाभर बसतेच आहे. गल्लीच्या तोंडाशी गाडी चमकेल. ती उठेल, शेजारणीला हाक मारील, "आलं वो, हो आलं!" म्हणेल, आत जाऊन साखरेचा डबा काढील. तो दारात पोचेपर्यंत अर्धी गल्ली हसत गोळा होईल. आणि मग त्या हसणाऱ्या बाईला सांगायचं, की तुझा नवरा गेला. ते हसणं तिला जन्मभर पुरलं असतं. नवऱ्याचं मढं वाटेत असताना मी साखर काढत होते, असं ती मरेपर्यंत स्वतःला म्हणत राहिली असती. रामलाल तिला ओळखत होता.

फाटक उघडलं. गाव संपल्यावर कालव्याच्या कडेला उन्हाळी धानाचे बांध होते, आणि बांधाशी पाण्याने मऊ झालेली काळी माती. रामलालने गाडी उभी केली. एकदा इकडेतिकडे पाहिलं. मग वाकून त्याने दोन्ही हातांनी चिखल घेतला आणि गाडीला फासायला लागला. पुढच्या मडगार्डवर, दिव्यावर, टाकीवर. सकाळी जिथे लुगड्याने पुसली त्याच ठिकाणी आता हाताने चिखल. तेव्हाही सवयीने त्याचा हात तापलेल्या इंजिनापासून लांबच राहिला. रस्त्याने जाणारी एक बैलबंडी थांबली. गाडीवानाला वाटलं, माणसाला ऊन लागलं. रामलालने कालव्यात हात धुतले आणि निघाला.

शामकलाबाई ओट्यावरच होती. धुतलेलं पातळ नेसलेली, केसांना तेल लावलेलं. गल्लीच्या तोंडाशी गाडीचा आवाज ऐकून ती हसत उठली आणि एक पायरी उतरली. मग तिने पाहिलं. ती आहे तिथेच, पायरीवर बसली.

रामलालने दुरूनच इंजिन बंद केलं आणि गाडी ढकलत आणली.

"कोन?" तिने विचारलं. आवाज अगदी साधा होता.

रामलालने मान खाली घातली. घरातून जो सकाळी एकटाच बाहेर गेला होता त्याचं नाव तिने आपणच घेतलं, आणि मग ती रडली. गल्ली गोळा झाली, पण ती रडायला. थोड्या वेळाने केशोरावांना घेऊन गाडी आली.

सगळं रीतीप्रमाणे झालं. त्या संध्याकाळी रामलाल घरी आला तेव्हा चिंचेखाली बसला, गाडी थंड होऊ दिली, वाळलेला चिखल आधी पाण्याने भिजवला आणि मग धुतला. मुन्नीबाई बादली भरून देत होती.

राहिला तो दुसरा निरोप. तो त्याच्या पोटात तसाच होता. गोवर्धनजींना त्याने कळवलं, ते भले माणूस, म्हणाले, "तेरवी होऊ द्या, आमचा शब्द कोठी जात नाही." तेरवी झाली. आता बाईला सांगायला हवं. पण जायचं कसं? रामलालने दोन दिवस गाडीभोवती फेऱ्या मारल्या. शेवटी तो बसने गेला. गाडी घेतल्यापासून बहिणीच्या गावी तो पहिल्यांदाच पायी शिरत होता, आणि त्याला पाहून कोणी हसलंही नाही, धसकलंही नाही.

शामकलाबाईचं कपाळ मोकळं होतं, हात मोकळे होते. तिने त्याला पाणी दिलं आणि बाहेर पाहिलं.

"गाडी कोठी हाये?"

"घरीच ठेवली."

"काऊन?"

रामलालला खोटं बोलता येत नसे. "धुवून आनाव तं तुह्या घरी दुःख. न धुता आनाव तं तुह्या जिवाले धसका. म्हनून बसनं आलो."

तांदळाचं सूप जवळच होतं. तिने त्यातला एक खडा काढून बाहेर टाकला.

"जे सांगाले आला, ते मले त्याच दिवशी समजलं," ती म्हणाली.

"कोनं सांगतलं? लोकेंद्रानं? त्याले तं मी अजून..."

"तुह्या गाडीनं." तिने त्याच्याकडे पाहिलं. "चैताचा महिना. रस्त्यानं सारा फुफाटा, पान्याचा थेंब नाई. अन् तुह्या गाडीवर ओला चिखल. टाकीवर पाचही बोटं उमटली होती तुही. मांगचं चाक तं तू फासाचं विसरूनच गेला. त्याच्या तारा चमकून राह्यल्या होत्या. मले समजत नाई का रे? चिखलाच्या खालती गाडी धुतलेलीच होती."

रामलालने आपल्या तळहाताकडे पाहिलं.

"मी पायरीवर बसली नं, तवा दोनी गोष्टी एकदमच समजल्या," शामकलाबाई म्हणाली. "पहिले कोनती आयकाव? मंग मी एक आयकली, अन् एक ठेवून देली." तिने सूप बाजूला सारलं. "चिखल लावला ते बरं केलं तू. नाई तं मी साऱ्या गल्लीले हाक मारली असती."

मग तिने पदर सावरला आणि नीट बसली, पाहुण्यांपुढे बसावं तशी.

"आता सांग," ती म्हणाली. "तुह्या तोंडानं सांग."

रामलालने डोळे पुसले. बोलायची त्याला सवय नव्हती. इतक्या वर्षांत एकही निरोप त्याला पुरता बोलावा लागला नव्हता. सगळे गाडीनेच दिले होते.

"हो म्हटलं त्यायनं, बाई," तो म्हणाला. "पोरीनंच पहिले हो म्हटलं."